सेना राखणारा सेनापती : जॉर्ज वॉशिंग्टन

थोर पुरुषांची थोरवी आपण बहुधा त्यांच्या विजयांवरून मोजतो. कोणी किती गड घेतले, किती लढाया मारल्या, यांच्या याद्या पाठ करण्याची सवय आम्हा शिक्षकांनीच मुलांना लावली. या मापाने अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाचा सरसेनापती जॉर्ज वॉशिंग्टन याचे मोल करू गेल्यास अडचण उभी राहते. आठ वर्षांच्या त्या युद्धात त्याने स्वतः लढलेल्या मोठ्या लढायांत पराभव अधिक आणि विजय थोडे. इतिहासाच्या तासाला एका विद्यार्थ्याने मला एकदा सरळच विचारले होते, की जो इतक्या वेळा हरला त्याने देश कसा मिळवला? त्या दिवशी मी दिलेले उत्तर माझे मलाच अपुरे वाटले. सेवानिवृत्तीनंतर पुन्हा वाचन केले, तेव्हा जे उमगले ते या स्मरणिकेच्या निमित्ताने ज्ञातिबांधव व भगिनींपुढे ठेवीत आहे.

वॉशिंग्टनचा जन्म २२ फेब्रुवारी १७३२ रोजी व्हर्जिनिया या इंग्रजांच्या वसाहतीत झाला. तो अकरा वर्षांचा असताना वडील वारले. त्यामुळे सावत्र वडीलबंधूंप्रमाणे इंग्लंडात शिकण्याची त्याची संधी हुकली व महाविद्यालयाची पायरीही त्याने कधी चढली नाही. लहानपणी चेरीचे झाड तोडून त्याने वडिलांपुढे अपराध कबूल केल्याची गोष्ट सर्वांनी ऐकलेली असते. मीही ती वर्गात वर्षानुवर्षे सांगितली. परंतु ती त्याच्या मृत्यूनंतर एका चरित्रकाराने रचून घातलेली आहे, हे येथे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे. सत्यनिष्ठेचा पाठ असत्य कथेवरून देण्यात शोभा नाही. आणि या पुरुषाला तशा कथेची गरजही नाही.

सोळाव्या-सतराव्या वर्षी तो जमीनमोजणीच्या कामाला लागला. साखळी व होकायंत्र घेऊन रानोमाळ हिंडताना भूमी वाचण्याची दृष्टी त्याला आली. पुढे इंग्रज व फ्रेंच यांच्या युद्धात तो व्हर्जिनियाच्या पथकासह इंग्रजांच्या बाजूने लढला. १७५४ साली फोर्ट नेसेसिटी येथे त्याला शत्रूपुढे शरण जावे लागले. १७५५ साली जनरल ब्रॅडॉकच्या फौजेची वाताहत झाली, तेव्हा त्याच्याखाली दोन घोडे ठार झाले आणि अंगरख्याला गोळ्यांची चार छिद्रे पडली. तो मात्र बचावला. एवढे करूनही राजाच्या नियमित सैन्यातील अधिकारपद वसाहतीतल्या या तरुणाला मिळाले नाही. १७५९ साली मार्था कस्टिस या विधवा स्त्रीशी विवाह करून तो माउंट व्हर्नन येथील शेतीवाडीत रमला. त्याला स्वतःचे अपत्य झाले नाही; पत्नीची दोन मुले त्याने वाढविली.

इकडे इंग्लंडच्या पार्लमेंटने वसाहतींवर कर लादण्यास आरंभ केला. ज्या सभेत आपला एकही प्रतिनिधी नाही तिने आपल्यावर कर बसवावा, हे वसाहतींना मान्य होईना. १७६५ साली स्टँपचा कायदा आला, पुढे चहावरील कर आला, आणि डिसेंबर १७७३ मध्ये बोस्टनच्या लोकांनी चहाच्या पेट्या समुद्रात फेकल्या. तो चहा ईस्ट इंडिया कंपनीचा होता; म्हणजे जी कंपनी त्याच सुमारास बंगालचा महसूल वसूल करीत होती तीच ही. १९ एप्रिल १७७५ रोजी लेक्झिंग्टन व काँकॉर्ड येथे बंदुका झडल्या, आणि १५ जूनला फिलाडेल्फियातील काँग्रेस नावाच्या प्रतिनिधिसभेने वॉशिंग्टनला सरसेनापती नेमले. दरमहा ५०० डॉलर वेतन ठरले होते. ते त्याने नाकारले. केवळ प्रत्यक्ष झालेला खर्च लिहून ठेवीन व तोच घेईन, असे त्याने सभेला सांगितले.

सैन्य तरी कसले! शेतकरी, लोहार, चांभार, दुकानदार आपापल्या बंदुका घेऊन जमलेले. बहुतेकांची नोकरी वर्षअखेरपर्यंतची. बंदुकीच्या दारूचा तुटवडा असा, की शत्रूला त्याचा सुगावा लागू नये हीच मोठी काळजी. समोर जगातील सर्वांत बलाढ्य आरमार आणि कवायती फौज. अशा वेळी वॉशिंग्टनने माणसांचे कुळ पाहिले नाही, गुण पाहिला. हेन्री नॉक्स हा बोस्टनचा पुस्तकविक्रेता; त्याने टिकाँडेरोगाच्या किल्ल्यातून सुमारे साठ तोफा ऐन हिवाळ्यात बर्फावरील घसरगाड्यांवर घालून तीनशे मैल ओढत आणल्या. त्या टेकडीवर चढताच इंग्रजांना १७ मार्च १७७६ रोजी बोस्टन सोडावे लागले.

४ जुलै १७७६ रोजी स्वातंत्र्याची घोषणा झाली. आणि लगेच संकटांची रांग लागली. न्यूयॉर्कजवळ जनरल हौ तीस हजारांहून अधिक सैनिकांसह उतरला. २७ ऑगस्टला लाँग आयलंडवर अमेरिकन सेनेचा दारुण पराभव झाला. मागे नदी, पुढे शत्रू. सकाळी सर्वनाश ठरलेला. परंतु २९ ऑगस्टच्या रात्री मार्बलहेडच्या दर्यावर्दी कोळ्यांनी होड्यांच्या खेपा करून सुमारे नऊ हजार माणसे गुपचूप पैलतीरी नेली. पहाटे धुके पडले आणि उरलेल्या तुकड्याही निसटल्या. शत्रू खंदकांपाशी आला तेव्हा तेथे कोणी नव्हते.

त्यानंतर माघारीवर माघार झाली. डिसेंबरमध्ये सेना झडून थोडकी उरली आणि ३१ तारखेला बहुतेकांची मुदत संपणार होती. लढा विझण्याच्या बेतात असताना नाताळच्या रात्री वॉशिंग्टनने सुमारे २,४०० माणसांनिशी बर्फाचे तुकडे वाहणारी डेलावेअर नदी ओलांडली. होड्या पुन्हा त्याच कोळ्यांच्या हाती होत्या. २६ डिसेंबरच्या सकाळी ट्रेंटन येथे इंग्रजांनी भाड्याने आणलेल्या जर्मन फौजेपैकी सुमारे नऊशे सैनिक कैद झाले. पाठोपाठ ३ जानेवारी १७७७ रोजी प्रिन्स्टन येथे विजय मिळाला. लढाया लहान होत्या. पण लोकांचा जीव भांड्यात पडला आणि सेना उभी राहिली.

येथेच माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर आहे. शहरे गेली तरी चालतील, सेना मोडता कामा नये, हे वॉशिंग्टनने पक्के ओळखले. इंग्रजांनी न्यूयॉर्क घेतले, सप्टेंबर १७७७ मध्ये फिलाडेल्फिया ही राजधानीही घेतली. तथापि सेना जिवंत होती तोवर त्यांना देश जिंकल्याचे म्हणता येईना. ही सेना राखण्यासाठी त्याला गोळीपेक्षा रोगाशी अधिक झुंजावे लागले. तरुणपणी बार्बाडोस बेटावर त्याला देवी आल्या होत्या. त्यामुळे त्या रोगाचे भय तो जाणून होता. १७७७ च्या आरंभी त्याने सर्व सैन्याला देवी टोचण्याची आज्ञा दिली. जेन्नरची देवीची लस निघण्यास अजून बराच अवकाश होता. रोग्याच्या फोडातील द्रव निरोग्याच्या अंगी घालण्याची ती जुनी, जोखमीची रीत. टोचलेले सैनिक काही आठवडे आजारी पडत, म्हणून हे काम गुप्तपणे करावे लागे. जोखीम पत्करली आणि सेना वाचली.

१७७७-७८ चा हिवाळा सेनेने व्हॅली फोर्ज येथे काढला. अंगावर धड कपडे नाहीत, कित्येकांच्या पायांत जोडे नाहीत, धान्य व मांस वेळेवर येत नाही. सुमारे दोन हजार माणसे तेथे रोगराईने दगावली. वॉशिंग्टन काँग्रेसला पत्रांमागून पत्रे लिहीत राहिला. त्याच छावणीत प्रशियाहून आलेल्या श्टॉयबेनने सैनिकांना कवायत शिकविली. दरम्यान साराटोगा येथे दुसऱ्या एका अमेरिकन सेनेपुढे जनरल बर्गॉइन शरण आला होता. त्यामुळे फेब्रुवारी १७७८ मध्ये फ्रान्सने उघड तह करून साहाय्य दिले. जूनमध्ये छावणी सोडून निघालेली सेना पूर्वीची राहिली नव्हती.

शेवट १७८१ साली झाला. न्यूयॉर्कवर हल्ला होणार असा भास निर्माण करून वॉशिंग्टन व फ्रेंच सेनापती रोशाँबो चारशे मैलांहून अधिक वाट तुडवून व्हर्जिनियात उतरले. फ्रेंच आरमाराने समुद्राची वाट अडविली. यॉर्कटाउन येथे वेढा पडून १९ ऑक्टोबर रोजी लॉर्ड कॉर्नवॉलिस सात हजारांहून अधिक सैन्यासह शरण आला. प्रकृतीचे निमित्त सांगून त्याने तलवार आपल्या दुय्यमाकरवी पाठविली. वॉशिंग्टननेही ती आपल्या दुय्यमाकडेच देवविली. हाच कॉर्नवॉलिस १७८६ साली आपल्या देशात गव्हर्नर जनरल होऊन आला. १७९२ साली श्रीरंगपट्टणच्या वेढ्यात हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठी फौजा त्याच्याच बाजूला टिपूविरुद्ध उभ्या होत्या. तिकडे तेरा वसाहती एक झाल्या म्हणून तो हरला. इकडे आपण एक नव्हतो म्हणून तो जिंकला. एवढे म्हणून पुढे जातो.

युद्ध संपले, पण खरी कसोटी पुढेच होती. पगार थकलेले अधिकारी मार्च १७८३ मध्ये न्यूबर्ग येथे काँग्रेसला धाक घालण्याच्या विचारात होते. वॉशिंग्टन त्यांच्या सभेत गेला. एक पत्र वाचण्यासाठी त्याने खिशातून चष्मा काढला. तो चष्मा लावतो हे फार थोड्यांना ठाऊक होते. देशसेवेत आपली दृष्टीही मंदावली, अशा अर्थाचे तो काही बोलला आणि रणांगणावर न डगमगलेल्या माणसांच्या डोळ्यांत पाणी आले. बंडाचा विचार तेथेच मावळला. हाती सेना असून राज्य न घेणारा सेनापती इतिहासात विरळा. २३ डिसेंबर १७८३ रोजी अ‍ॅनापोलिस येथे त्याने आपले अधिकारपत्र काँग्रेसच्या स्वाधीन केले आणि नाताळापूर्वी तो घरी परतला. आठ वर्षांच्या खर्चाचा हिशेब त्याने स्वहस्ताक्षरात लिहून सरकारी खजिन्याकडे दिला होता.

पुढे १७८९ साली तो पहिला राष्ट्राध्यक्ष झाला आणि दोन कारकिर्दींनंतर १७९७ साली आपण होऊन दूर झाला. १४ डिसेंबर १७९९ रोजी माउंट व्हर्नन येथे त्याचे निधन झाले.

चरित्र सांगताना डाग लपवू नयेत. १७७९ साली त्याच्या आज्ञेवरून इरोक्वॉय आदिवासींची गावे व उभी पिके जाळण्यात आली. स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या या पुरुषाच्या शेतावर जन्मभर गुलाम राबत होते. मृत्यूसमयी तेथे तीनशेहून अधिक होते. त्यांपैकी स्वतःच्या मालकीच्या १२३ जणांना पत्नीच्या पश्चात मुक्त करावे, असे त्याने मृत्युपत्रात लिहिले. पत्नीने त्यांना १८०१ च्या आरंभीच मोकळे केले. बाकीचे बहुतेक पत्नीच्या पूर्वपतीच्या मिळकतीतले. ते गुलामच राहिले. जन्मावरून माणसाची किंमत ठरविण्याचे पाप किती खोल रुजते, हे आपल्या समाजाला वेगळे सांगावयास नको.

लढाया जिंकणारे अनेक असतात. पराभवानंतर माणसे धरून ठेवणारे, सोपविलेल्या पैशाचा पैन्‌पै हिशेब देणारे आणि वेळ येताच आसन सोडणारे थोडे. राष्ट्र असो वा आपल्यासारखी लहान संस्था असो, ती अशाच माणसांच्या खांद्यावर उभी असते. तो विद्यार्थी आज भेटला, तर मी त्याला हेच उत्तर देईन.