म्हणींचा चित्रकार ग्राँव्हिल

म्हण ही मूळचें एक चित्रच असते. वापरून वापरून तें पुसट होतें, इतकेंच. ‘काखेंत कळसा’ म्हणतांना खरोखरीचा कळसा आज कितीजणांच्या डोळ्यांपुढें उभा राहतो? फ्रेंच भाषेंतील अशीं पुसट चित्रें उजळून दाखविणारा एक चित्रकार एकोणिसाव्या शतकांत होऊन गेला. त्याचें खरें नांव ज्याँ इन्यास इसिदोर जेरार. परंतु त्याचे आजी-आजोबा नाटकांत कामें करीत व रंगभूमीवर ग्राँव्हिल हें नांव लावीत. तेंच त्यानें घेतलें.

त्याचा जन्म १८०३ सालीं नान्सी शहरीं झाला. वडील लहान आकाराच्या तसबिरी रंगवीत; कलेचे पहिले धडे घरींच मिळाले. विशीच्या सुमारास तो पॅरिसला गेला. १८२८-२९ मध्यें त्याची एक चित्रमाला निघाली: अंग व पोशाख माणसाचा, मुंडकें मात्र पशुपक्ष्याचें. त्याचें नांव सर्वतोमुखीं झालें.

१८३० च्या राज्यक्रांतीनंतर लुई फिलिप गादीवर आला. छपाईवर पुन्हां बंधन घालणार नाहीं, असें वचन नव्या राजवटीनें दिलें होतें. त्या भरंवशावर फिलिपाँ नामक गृहस्थानें ‘ला कारिकात्यूर’ हें साप्ताहिक काढलें, व ग्राँव्हिल त्यांत राज्यकर्त्यांची थट्टा करूं लागला. १८३१ सालीं रशियाच्या फौजेनें पोलिश लोकांचा उठाव मोडला, तेव्हां वॉर्सा शहरांत आतां शांतता आहे, असें फ्रान्सच्या परराष्ट्रमंत्र्यानें सांगितलें. ग्राँव्हिलनें ती शांतता काढून दाखविली: सभोंवार प्रेतें, आणि मध्यें उभा रशियन शिपाई. मला वाटतें, त्याच्या पुढील साऱ्या कामाची किल्ली येथें आहे. बोललेलें वाक्य त्यानें खोडून काढलें नाहीं. तें खरें धरून नुसतें रेखाटलें.

१८३५ च्या जुलैंत राजावर प्राणघातक हल्ला झाला आणि सप्टेंबरांत नवे कायदे आले. यापुढें चित्र छापण्यापूर्वीं सरकारी परवानगी हवी. लेखास मात्र ही अट नव्हती. चित्राची धास्ती केवढी असते, पाहा! साप्ताहिक बंद पडलें. ग्राँव्हिल पुस्तकें सजवूं लागला. ला फोंतेनच्या नीतिकथा (१८३८) त्यांतल्याच. तो चित्र काढी, लांकडी ठोकळ्यावर तें कोरण्याचें काम दुसरे कारागीर करीत. हा ठोकळा अक्षरांच्या खिळ्यांबरोबरच छापतां येई; त्यामुळें चित्र व मजकूर एकाच पानावर येत.

१८४५ सालीं ‘शंभर म्हणी’ हा ग्रंथ निघाला. मजकूर लिहिणाऱ्यांनीं आपलीं नांवें न देतां ‘एका टोपींत तीन डोकीं’ एवढेंच छापलें. एकमताच्या दोघांस फ्रेंच लोक एका टोपींतलीं दोन डोकीं म्हणतात. त्यावरचा हा विनोद. आणि म्हणीवर खटला तरी कोण भरणार? तिला न लेखक, न संपादक. राजाचें चित्र काढण्याची चोरी असली, तरी लोभी, ढोंगी व तोंडपुजे लोक रेखाटण्यास मोकळीक होती. ज्याचें त्याला बरोबर कळे.

लोकांस हसविणाऱ्या या मनुष्याच्या घरीं मात्र १८४२ सालीं पत्नी वारली. तिच्या पोटचे तिन्ही मुलगे त्याच्या डोळ्यांदेखत गेले, शेवटचा १८४७ च्या आरंभीं. त्याच वर्षीं १७ मार्च रोजीं पॅरिसजवळ वान्व येथील मनोरुग्णालयांत ग्राँव्हिल मरण पावला. वय अवघें त्रेचाळीस. चित्रें चमत्कारिक, म्हणून चित्रकारही वेडाच असला पाहिजे, असें कित्येकांनीं पुढें लिहिलें. तीन मुलांस पुरणाऱ्या बापाविषयीं असा निकाल देणें मला तरी धजत नाहीं. फुलांना स्त्रीरूप देणाऱ्या त्याच्या चित्रांचें पुस्तक त्याच वर्षीं प्रसिद्ध झालें.