घरचे सर्कशीला गेले आणि यांना सापडली शरीराची फौज! कोण होते एली मेचनिकॉफ?

साल १८८२. इटलीतल्या सिसिली बेटावरचं मेसिना शहर. घरातली मंडळी सर्कशीतली माकडं बघायला गेली होती. मागे एकच माणूस राहिला, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून. ते होते एली मेचनिकॉफ.

त्या दिवशी त्यांना जे सुचलं, त्याच्या आधारे सार्कोइडोसिससारखा अवघड आजार आज समजून घेता येतो. कसा? पाहूया.

मेचनिकॉफ यांचा जन्म १८४५ चा, आजच्या युक्रेनमधल्या खारकीवजवळचा. पहिली पत्नी ल्युडमिला यांना क्षयरोग होता. लग्नाच्या दिवशी त्या इतक्या अशक्त होत्या की त्यांना खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावं लागलं. १८७३ मध्ये त्या गेल्या आणि मेचनिकॉफ पार खचले.

नऊ वर्षांनी मेसिनात ते स्टारफिशच्या पारदर्शक अळ्या बघत होते. आत काही पेशी इकडेतिकडे फिरत होत्या. बाहेरून घुसलेल्या शत्रूशी याच लढत असतील का? त्यांनी बागेतले गुलाबाचे काटे अळ्यांना टोचले. पहाटे पाहिलं, तर पेशींनी काट्याला घेरलं होतं!

या पेशींना फॅगोसाइट, म्हणजे भक्षक पेशी, असं नाव मिळालं. त्यातल्या मोठ्या पेशी म्हणजे मॅक्रोफेज. अनेक नामवंतांना हे पटलं नाही. पांढऱ्या पेशी उलट जंतू पसरवतात, असा तेव्हा समज होता. मेचनिकॉफ मागे हटले नाहीत. १८८८ पासून पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये ते काम करत राहिले. १९०८ मध्ये पॉल एर्लिख यांच्यासोबत त्यांना नोबेल मिळालं. १९१६ मध्ये पॅरिसमध्येच त्यांचं निधन झालं.

आता सार्कोइडोसिसकडे येऊ. आपल्या रक्तात मोनोसाइट पेशी फिरतात. त्या अवयवांत शिरल्या की मॅक्रोफेज बनतात. टी पेशींच्या इशाऱ्यावर त्या एकत्र जमतात आणि बारीक गाठ तयार होते. हाच ग्रॅन्युलोमा. टी पेशी फुप्फुसांत गर्दी करतात, त्यामुळे बऱ्याच रुग्णांच्या रक्तात त्या कमी दिसतात.

क्षयरोगातही अशाच गाठी होतात, पण तिथे कारण असतं जंतू. सार्कोइडोसिसमध्ये घेराव दिसतो, आत काटाच सापडत नाही!

खोकला, ताप, वजन घटणं ही लक्षणंही सारखीच. म्हणून टीबीचे रुग्ण जास्त असलेल्या आपल्या देशात सार्कोइडोसिसच्या रुग्णाला आधी टीबीची औषधं सुरू होतात, असं अनेकदा घडतं. उपचार मात्र वेगळे आहेत. टीबीत जंतू मारायचे असतात, तर सार्कोइडोसिसमध्ये गरज पडल्यास स्टेरॉइड देऊन फौज शांत करायची असते. टीबी असताना नुसतं स्टेरॉइड दिलं, तर आजार बळावू शकतो.

म्हणून रिपोर्टमध्ये ग्रॅन्युलोमा दिसला, तर घाबरू नका आणि अंदाजही बांधू नका. डॉक्टरांना एवढंच विचारा: आत काटा आहे की नाही, हे नीट तपासलंय का?