आल्फ्रेद बीने

आल्फ्रेद बीने (जन्म : नीस, ८ जुलै १८५७, मृत्यू : पॅरिस, १८ ऑक्टोबर १९११) हे फ्रेंच मानसशास्त्रज्ञ होते. तेओदोर सिमाँ यांच्या सहकार्याने त्यांनी १९०५ साली तयार केलेली बीने-सिमाँ मापनश्रेणी ही व्यवहारात उपयोगी ठरलेली पहिली बुद्धिमापन चाचणी मानली जाते.

जीवन व आरंभीचे संशोधन

बीने यांचे वडील वैद्यक व्यवसायात होते, तर आई चित्रकार होती. आईवडील विभक्त झाल्यानंतर ते आईबरोबर पॅरिसला आले. १८७८ मध्ये त्यांनी कायद्याची पदवी घेतली. परंतु वकिली न करता राष्ट्रीय ग्रंथालयात वाचन करून मानसशास्त्राचा स्वतःच अभ्यास केला. पुढे सालपेत्रियेर रुग्णालयात त्यांनी शार्को यांच्या हाताखाली संमोहनावर संशोधन केले. लोहचुंबकाच्या साहाय्याने संमोहित व्यक्तीची लक्षणे शरीराच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे नेता येतात, असे त्यांनी व शार्ल फेरे यांनी प्रतिपादन केले होते. बेल्जियन शास्त्रज्ञ देलबफ यांनी हा परिणाम चुंबकाचा नसून प्रयोगकर्त्याच्या सूचनांचा असल्याचे दाखवून दिले आणि बीने यांना आपली चूक मान्य करावी लागली. प्रयोगकर्त्याच्या अपेक्षेमुळे निष्कर्ष दूषित होऊ शकतो, ही जाणीव त्यांच्या पुढील संशोधनात सातत्याने दिसते.

१८९१ मध्ये ते सॉर्बोन येथील मानसशास्त्रीय प्रयोगशाळेत रुजू झाले व काही वर्षांनी तिचे संचालक झाले. १८९५ मध्ये त्यांनी आंरी बोनीस यांच्यासह ‘लाने प्सिकोलोजिक’ हे वार्षिक सुरू केले. मादलेन व आलीस या आपल्या दोन मुलींच्या विचारपद्धतींतील भेदांचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला. त्यावरील ग्रंथ १९०३ मध्ये प्रसिद्ध झाला. डोक्याच्या आकारावरून बुद्धी ओळखता येते का, हेही त्यांनी शाळकरी मुलांची मोजमापे घेऊन तपासले. आढळलेले फरक अत्यल्प होते. शिवाय मोजमाप घेताना आपल्या अपेक्षेचा परिणाम होत असल्याचे त्यांनी स्वतः नोंदविले.

मापनश्रेणीची निर्मिती

सक्तीच्या शिक्षणामुळे फ्रान्समध्ये सर्व थरांतील मुले शाळेत येऊ लागली. अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलांच्या शिक्षणाचा विचार करण्यासाठी १९०४ मध्ये शासनाने आयोग नेमला. बीने त्याचे सदस्य होते. त्या काळी एकाच मुलाविषयी निरनिराळे वैद्य निरनिराळे निदान करीत. चुकीच्या निदानामुळे एखादे मूल कायमचे वेगळे काढले जाण्याचा धोका होता. म्हणून सर्वांना सारख्याच सूचना देऊन, सारख्याच प्रश्नांनी घेता येईल अशी चाचणी बीने व सिमाँ यांनी रचली.

१९०५ च्या श्रेणीत चढत्या काठिण्याच्या ३० कसोट्या होत्या. पेटत्या काडीकडे नजर वळविणे, चित्रातील वस्तू ओळखणे, ऐकलेले अंक पुन्हा सांगणे, अमूर्त शब्दांतील भेद सांगणे इत्यादींचा त्यांत समावेश होता. पाठांतरापेक्षा आकलन व निर्णयशक्ती यांवर भर होता.

१९०८ च्या आवृत्तीत कसोट्या ३ ते १३ वर्षे या वयांनुसार मांडल्या गेल्या. एखाद्या वयाची बहुसंख्य मुले जी कसोटी पार करू शकत, ती त्या वयाची ठरविली जाई. उदाहरणार्थ, चौरसाची नक्कल करणे ही पाच वर्षांची कसोटी होती. अशा रीतीने प्रत्यक्ष मुलांच्या कामगिरीतून मानके मिळाली. १९११ च्या आवृत्तीत बहुतेक वयांसाठी पाच कसोट्या होत्या. मूल ज्या वयापर्यंतच्या कसोट्या पार करी, ते वय पायाभूत धरून त्यापुढील प्रत्येक यशस्वी कसोटीसाठी एक पंचमांश वर्ष मिळविले जाई. या बेरजेला पुढे ‘मानसिक वय’ ही संज्ञा रूढ झाली.

चाचणी जे मोजावयाचे तेच मोजते का, हे तपासण्यासाठी बीने यांनी निकालांची तुलना मुलांच्या शालेय प्रगतीशी केली. ब्रुसेल्समधील सुखवस्तू कुटुंबांतील मुले या श्रेणीत पुढे असल्याचे आढळल्यावर सामाजिक परिस्थितीच्या प्रभावाचीही त्यांनी दखल घेतली.

विचार व प्रभाव

मिळालेला स्तर ही जन्मजात व अपरिवर्तनीय क्षमता आहे, असे बीने मानीत नसत. १९०९ च्या ग्रंथात त्यांनी योग्य शिक्षणाने बुद्धी वाढू शकते, असे प्रतिपादन करून अवधान, स्मरण व इच्छाशक्ती यांचे व्यायाम सुचविले. मागे पडलेल्या मुलाला मदत मिळवून देणे, हा त्यांच्या चाचणीचा हेतू होता.

त्यांच्या मृत्यूनंतर चाचणीला वेगळे वळण लागले. जर्मन मानसशास्त्रज्ञ विल्यम स्टर्न यांनी १९१२ मध्ये मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागण्याची पद्धत सुचविली. अमेरिकेत लूइस टर्मन यांनी १९१६ च्या स्टॅनफर्ड-बीने चाचणीत या भागाकाराला १०० ने गुणले. त्यानुसार १० वर्षांच्या मुलाचे मानसिक वय ८ असल्यास बुद्धिगुणांक ८० येतो. ही चाचणी अमेरिकेत नेणारे हेन्री गॉडार्ड बुद्धी आनुवंशिक व स्थिर मानीत, आणि तेथे स्थलांतरितांची पारख करण्यासाठीही तिचा वापर झाला.

भारतात व्ही. व्ही. कामत यांनी मराठी व कन्नड भाषिक मुलांसाठी बीने श्रेणीचे अनुकूलन केले. १९३४ मध्ये त्यासंबंधीचा त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. ही चाचणी ‘बीने-कामत चाचणी’ म्हणून ओळखली जाते. केवळ भाषांतर पुरेसे नसते, ज्या समाजात चाचणी वापरावयाची तेथील मुलांवरून मानके नव्याने ठरवावी लागतात, हे तत्त्व बीने यांच्या मूळ पद्धतीतच अंतर्भूत आहे.