‘गिगाहर्ट्झ’मधले हर्ट्झ आणि त्यांची ठिणगी

नवा फोन घेताना आपण १२० हर्ट्झ डिस्प्ले, ५ गिगाहर्ट्झ वाय-फाय असं सगळं बघतो. पण हे हर्ट्झ कोण, हे इंजिनिअरिंगची डिग्री हातात आली तरी मला नीट माहीत नव्हतं. एकदा चुकून स्टीलचा काटा असलेली डिश मायक्रोवेव्हमध्ये ठेवली, आत चर्रकन ठिणगी उडाली आणि कारण शोधता शोधता मी त्यांच्यापर्यंत पोचलो.

हाइनरिक हर्ट्झ यांचा जन्म १८५७ साली जर्मनीतल्या हॅम्बुर्गमध्ये झाला. बर्लिनला हेल्महोल्ट्झ यांच्याकडे शिकून १८८५ साली ते कार्ल्सरूहला प्राध्यापक झाले. विद्युतचुंबकीय लहरी असतात हे मॅक्सवेल यांनी गणितानं मांडलं होतं, प्रयोगानं सिद्ध व्हायचं होतं. हर्ट्झ यांनी दोन धातूच्या गोळ्यांमध्ये ठिणगी पाडली. काही अंतरावर तारेचं एक कडं ठेवलं, त्यात बारीकशी फट. मधे वायर नसताना त्या फटीतही ठिणगी उडाली. त्या रेडिओलहरी होत्या!

ही दुसरी ठिणगी नीट दिसावी म्हणून त्यांनी ती अंधाऱ्या खोक्यात झाकली. तर ती आणखीच लहान झाली! मूळ काम बाजूला ठेवून त्यांनी काही महिने यावरच घालवले. मधे काच धरली की ठिणगी लहान व्हायची, क्वार्ट्झ धरलं तर नाही. म्हणजे पहिल्या ठिणगीतला अतिनील प्रकाश मदत करत होता. का, ते त्यांना सांगता आलं नाही. १८८७ साली त्यांनी फक्त निरीक्षण छापलं.

उत्तर आज आपल्याकडे आहे. हवेतून वीज जायला आधी एखादा मोकळा इलेक्ट्रॉन लागतो. अतिनील प्रकाश धातूतून असे इलेक्ट्रॉन सोडवतो. मायक्रोवेव्हमध्ये विद्युतक्षेत्राची सेकंदाला सुमारे २४५ कोटी आवर्तनं होतात. मोकळा इलेक्ट्रॉन मागेपुढे हेलकावतो. नुसत्या हेलकाव्यानं काही साठत नाही, पण हवेच्या रेणूंवर आपटत राहिला की ऊर्जा वाढत जाते. पुरेशी वाढली की तो रेणूतून आणखी एक इलेक्ट्रॉन उडवतो. एकाचे दोन, दोनाचे चार. काहींना ऑक्सिजन पकडून ठेवतो, पण नवे त्याहून वेगानं तयार झाले की ठिणगी. त्यासाठी सेंटिमीटरला साधारण ३० हजार व्होल्ट लागतात. काट्याच्या टोकाशी क्षेत्र एकवटतं, म्हणून सुरुवात तिथेच होते.

हर्ट्झ १ जानेवारी १८९४ रोजी बॉनमध्ये आजारपणात गेले. वय अवघं ३६. इलेक्ट्रॉनचा शोध लागला १८९७ साली.

मला त्यांच्या रेडिओलहरींपेक्षा ते अंधारं खोकं जास्त आवडतं. कोडमध्ये न समजणारं काही दिसलं की मी आधी सरळ रीस्टार्ट मारायचो. आता आधी लिहून ठेवतो.