विश्वेश्वरय्या : काहीही वाया न घालवणारा इंजिनिअर

१५ सप्टेंबर म्हणजे इंजिनिअर्स डे. फोटोला हार, एक भाषण, नंतर चहा-समोसा आणि पुन्हा प्रॅक्टिकलला पळापळ. फोटोतले फेटेवाले, कडक कोटातले आजोबा कोण, तर सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. भारतरत्न, म्हैसूरचे दिवाण, कृष्णराजसागर धरण. क्विझला एवढं पुरतं. पण या माणसाने नोकरीची पहिली चोवीस वर्षं आपल्या मुंबई इलाख्यात काढली, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. आणि आपण आज ज्याला 'लीन' म्हणतो, ते हा माणूस शंभर वर्षांपूर्वी जगत होता.

'लीन' म्हणजे काय ते आधी थोडक्यात पाहू. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानच्या टोयोटा कंपनीत ताइची ओनो यांनी कारखान्यातल्या वाया जाण्याचे सात प्रकार मांडले : जास्तीचं उत्पादन, वाट पाहणं, नको ती ने-आण, नको ती प्रक्रिया, पडून राहिलेला साठा, नको ती हालचाल आणि खोट असलेला माल. जपानीत याला 'मुदा' म्हणतात. या पद्धतीला 'लीन' हे नाव १९८८ मध्ये मिळालं. मराठीत लीन म्हणजे नम्र. आपल्या कथानायकाला दोन्ही अर्थ शोभतात.

विश्वेश्वरय्यांचा जन्म बंगळूरजवळच्या मुद्देनहळ्ळीचा. वडील संस्कृतचे पंडित, घरची परिस्थिती बेताची. वडील लवकर गेले. शिकवण्या करून ते बंगळूरला बी.ए. झाले आणि म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ती मिळवून पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये इंजिनिअरिंगला आले. तेच आजचं सीओईपी. १८८३ च्या परीक्षेत ते इलाख्यात पहिले आले आणि १८८४ मध्ये मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात सहाय्यक इंजिनिअर म्हणून रुजू झाले. पोस्टिंग नाशिक, खानदेश. सुरुवातीचंच एक काम धुळ्याकडे पांजरा नदीवर पाण्याच्या नळाचा सायफन टाकण्याचं, तेही पावसाळ्यात. पुरांनी काम अडवलं, वरिष्ठांची बोलणीही बसली. पण त्यांनी ते पुरं केलं.

पुढे सिंध प्रांतातल्या सक्कर शहराचा पाणीपुरवठा त्यांच्याकडे आला. सक्कर आज पाकिस्तानात आहे. सिंधू नदीचं पाणी गढूळ, आणि गाळण्याचा मोठा प्लांट बांधायला नगरपालिकेकडे पैसे नव्हते. यांनी नदीच्या पात्रातच विहीर खणली. वाळूतून झिरपून आलेलं पाणी आपोआप गाळलं जात होतं. जे काम निसर्ग फुकट करतो, त्यासाठी वेगळी यंत्रणा कशाला उभारायची? नको ती प्रक्रिया काढून टाकणं म्हणतात ते हेच.

आता खडकवासला. पानशेतला ट्रेकला जाताना आपण हे धरण पाहतो. पावसाळ्यात तलाव भरला की जादा पाणी सांडव्यावरून वाहून जायचं आणि उन्हाळ्यात पुण्याला आणि कालव्यांना तेच कमी पडायचं. सरळ उपाय म्हणजे धरणाची भिंत उंच करा. पण त्याला खर्च आला आणि जुन्या भिंतीवर भार आला. विश्वेश्वरय्यांनी भिंतीला हात न लावता सांडव्यावर स्वयंचलित दरवाजे बसवले. पाणी ठरलेल्या पातळीपर्यंत अडून राहायचं; त्याच्या वर गेलं की दरवाजे आपोआप उघडायचे आणि पातळी उतरली की बंद व्हायचे. वीज नाही, इंजिन नाही. सगळा खेळ वजनाचा आणि पाण्याचा. धरण तेच, साठा जास्त. हे दरवाजे १९०३ मध्ये बसले. त्यांनी पेटंट घेतलं, पण रॉयल्टी नाकारली, कारण सरकारी पगारात केलेलं काम सरकारचंच अशी त्यांची धारणा होती. पुढे ग्वाल्हेरच्या तिघरा धरणावर आणि कृष्णराजसागरावरही असे दरवाजे बसले.

मेकॅनिकलवाल्यांना इथे साकिची टोयोडांचा माग आठवेल. धागा तुटला की तो माग आपोआप थांबायचा, माणसाला नजर लावून बसावं लागत नसे. टोयोटाच्या पद्धतीचा एक खांब तोच. तिकडे धागा, इकडे पाणी, विचार एकच.

तिसरं उदाहरण मला सगळ्यात मोलाचं वाटतं, ते नीरा कालव्याचं. कालव्याच्या तोंडाकडचे शेतकरी उसाला भरमसाट पाणी द्यायचे. जमिनी पाणथळ व्हायच्या, डास व्हायचे, हिवताप पसरायचा आणि शेपटाकडची गावं कोरडी राहायची. विश्वेश्वरय्यांनी ब्लॉक पद्धत आणली. कालव्याखालच्या जमिनीचे गट पाडायचे, प्रत्येक गटाच्या साधारण एक तृतीयांश भागावर ऊस, बाकीवर कमी पाण्याची पिकं, दरवर्षी फेरपालट, आणि पाणी मोजून, ठरल्या वेळीच. सुरुवातीला विरोध झाला. ज्याला न मागता भरपूर मिळतं त्याला मोजमाप म्हणजे कंजूषपणा वाटतो! पण तेवढ्याच पाण्यात जास्त गावं भिजतात, हा हिशेब चोख होता. काटकसर आणि कंजूषपणा यांतला फरक इथे कळतो. कंजूष माणूस वाचवलेलं स्वतःपाशी ठेवतो. काटकसर करणारा ते जिथे कमी आहे तिथे पोचवतो.

१९०८ मध्ये त्यांनी मुंबईची नोकरी सोडली. त्यानंतर हैदराबादच्या मुसी नदीच्या पुरावर योजना, १९०९ मध्ये म्हैसूरचे मुख्य इंजिनिअर, १९१२ मध्ये दिवाण. कृष्णराजसागर, बँक, विद्यापीठ, कारखाने, ही यादी तुम्हाला पाठ असेल. १९२३ पासून त्यांनी तोट्यातल्या भद्रावती लोखंड कारखान्याची सूत्रं घेतली आणि खर्चाची एकेक गळती बुजवत तो सावरला. मानधनाची साचलेली रक्कम त्यांनी तरुणांना हातचं तांत्रिक काम शिकवणाऱ्या संस्थेसाठी दिली.

आता आपल्या उपनगराकडे येऊ. घाटकोपर-मुलुंडची मंडळी एलबीएस मार्गाने कुर्ल्याला जातात, तिथे प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना होता. देशात मोटारी बनल्या पाहिजेत हा ध्यास विश्वेश्वरय्यांनी घेतला होता. पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर, १९३५ मध्ये, ते युरोप-अमेरिकेत मोटार कारखाने पाहून आले आणि मुंबईसाठी योजना मांडली. ती पुढे नेली वालचंद हिराचंद यांनी. १९४४ मध्ये प्रीमियर कंपनी निघाली आणि १९४७ पासून कुर्ल्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून निरोप घेतलेली काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी याच घरातली.

तब्येतीचं काय? हा माणूस शंभरी ओलांडून एप्रिल १९६२ मध्ये गेला. नव्वदी गाठल्यावरही बिहारमध्ये गंगेवर मोकामाजवळच्या पुलाच्या जागेची पाहणी त्यांनी केली. गुपित काही नाही : मोजकं जेवण, रोजचं चालणं, ठरलेली झोप, टापटीप कपडे आणि दिलेली वेळ पाळणं. शरीरालाही त्यांनी कालव्यासारखंच वागवलं; एकदम पूर नाही, मग दुष्काळ नाही. आपलं उलट असतं. सेमिस्टरभर मेसचं जेवण बुडवून वडापाव, आणि पी.एल.मध्ये रात्र-रात्र जागरण. मग व्हायवाला डोकं चालत नाही आणि केटी लागली की दोष पेपर तपासणाऱ्याचा!

आरती ओवाळून थांबणं मात्र बरोबर नाही. १९१८ मध्ये म्हैसूरच्या महाराजांनी सरकारी नोकऱ्यांत ब्राह्मणेतरांना वाटा मिळावा म्हणून मिलर समिती नेमली. विश्वेश्वरय्यांना ते पटलं नाही. नेमणूक फक्त गुणवत्तेवर व्हावी, नाहीतर कारभाराची कार्यक्षमता घसरेल, असं त्यांचं मत होतं. याच मतभेदातून त्या वर्षाच्या अखेरीस त्यांनी दिवाणपद सोडलं. पद सोडायला हिंमत लागते, हे मान्य. पण लीनच्या अभ्यासकांनी ओनोंच्या सातांत पुढे आठवी मुदा जोडली आहे : माणसाची न वापरलेली बुद्धी. ज्या घरांपर्यंत शाळाच पोचली नव्हती, त्या घरांतली हुशारी पिढ्यान्‌पिढ्या वाया जात होती. नीरेच्या शेपटाकडच्या कोरड्या गावांचा हिशेब ज्याने इतका नेमका मांडला, त्याला हा हिशेब दिसला नाही. मोठ्या माणसाचं मोठेपण मान्य करून त्याचं राहून गेलेलं गणित पुढच्या पिढीने सोडवायचं असतं.

तेव्हा लीन म्हणजे नुसता थिअरीचा प्रश्न समजू नका. सबमिशनच्या आदल्या रात्री झेरॉक्सवाल्याकडे लागलेली रांग ही वाट पाहण्याची मुदा आहे. तीनदा परत आलेलं जर्नल ही खोट आहे. ताटात उरलेली भाजी हे जास्तीचं उत्पादन आहे. यातून रोज एक तास वाचला तर त्यातली अर्धी वेळ झोपेला द्या आणि अर्धी त्या रूममेटला, ज्याला एम-थ्री अजिबात कळत नाही आणि जो विचारायला लाजतो. कालव्याचं पाणी शेपटापर्यंत पोचलं, तरच ते वाचवल्याचा उपयोग.