नवरा न सांगता गेला, तेव्हा

समजा, तुमचं वय २६. शाळेचं तोंड कधी पाहिलेलं नाही. पदरात लहानगा मुलगा. आणि एक दिवस कळतं, की नवऱ्याने मुंबईत जाऊन धर्म बदलला. तुम्हाला न विचारता.

लक्ष्मीबाई टिळकांच्या बाबतीत हे १८९५ मध्ये घडलं. १० फेब्रुवारीला कवी नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. याची सुरुवात आपल्या विदर्भाकडचीच बरं का. टिळक नागपुरात आप्पासाहेब बुटींकडे कामाला होते. पुढे नागपूरहून राजनांदगावला जाताना गाडीत एका गोऱ्या प्रवाशाशी गप्पा झाल्या, त्याने बायबल हातात ठेवलं, आणि ते पुस्तक टिळकांच्या डोक्यातून गेलंच नाही.

लक्ष्मीबाई जन्मल्या १८६८ मध्ये, त्र्यंबकेश्वरजवळच्या जलालपूरला. माहेरचं सोवळं इतकं कडक, की बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घेत नसत. अकराव्या वर्षी लग्न. नवरा हुशार, उदार, पण तापट आणि लहरी. न सांगता घरातून निघून जायची त्यांना सवयच होती. पण आधी ते परत यायचे. या वेळी परत येणं शक्य नव्हतं. सोवळ्यातल्या बाईने ख्रिस्ती नवऱ्याच्या घरी राहायचं कसं? नवरा जिवंत, पण संसार संपला. मला विचाराल तर हा विश्वासघातच होता. टिळकांचा हेतू कितीही शुद्ध असला तरी.

ती चार-पाच वर्षं बाईंनी नातेवाइकांच्या आधाराने काढली, काही काळ तर पंढरपुरात. दुःख होतं, लोकांची बोलणी होती, विठोबाचं दार होतं. शेवटी मुलाला घेऊन त्या टिळकांकडे नगरला गेल्या, पण ख्रिस्ती व्हायला नाही. स्वयंपाक वेगळा, सोवळं वेगळं, एकाच संसारात दोन धर्म. मग माणसामाणसातला हा भेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारला. उत्तर सापडल्यावर आधी जात सोडली, धर्म नंतर. १९०० मध्ये त्यांनी स्वतःहून बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याच्या मागून फरफटत नाही गेल्या, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

पुढचा संसारही काही सोपा नव्हता. पैसा टिकायचा नाही, घरात पाहुणे कायम. बालकवी ठोमरे याच घरात मुलासारखे राहिले. ते १९१८ मध्ये रेल्वेखाली गेले आणि वर्षभराने, ९ मे १९१९ ला, टिळकही गेले.

टिळकांनी येशूचं चरित्र ओवीत लिहायला घेतलं होतं, ‘ख्रिस्तायन’. जेमतेम साडेदहा अध्याय झाले होते. शाळेत न गेलेल्या बाईंनी ते हाती घेतलं आणि पुढचे ६४ अध्याय लिहिले.

आता या गोष्टीतलं काय लिहायचं राहिलं होतं ते बघा. जेवणाच्या पंगतीतून उठून यहूदा जातो आणि तीस नाण्यांसाठी गुरूला पकडून देतो. त्याच रात्री गेथशेमाने बागेत येशू हा प्याला टळावा म्हणून प्रार्थना करतो, शिष्य झोपलेले असतात, प्याला काही टळत नाही. हे सगळं लिहायचं बाईंच्या वाट्याला आलं. जवळच्या माणसाने सोडून जाणं, केलेली प्रार्थना अनुत्तरित राहणं, हे त्यांना काही पुस्तकातून शिकावं लागलं नसणार.

१९३३ मध्ये नागपूरच्या ख्रिस्ती साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष झाल्या. १९३४ पासून ‘स्मृतिचित्रे’चे भाग छापून येऊ लागले. मी ते पांढरकवडा-यवतमाळ एसटीत वाचलं. रडायच्या तयारीने बसले होते आणि केळापूरचा फाटा येईपर्यंत इतकी हसले, की शेजारच्या आजी विचारायला लागल्या, काय वाचतेस गं? ज्या माणसाने आपल्याला इतकं रडवलं, त्याच्याबद्दल बाईंनी राग न लपवता आणि माया न आटवता लिहिलंय.

२४ फेब्रुवारी १९३६ ला त्या गेल्या. आत्मचरित्र अपुरं होतं. ते मुलाने, देवदत्तने, पुरं केलं.