औषधाच्या वेळेचे भान जपणाऱ्या शास्त्राचे कैवारी : शंकर दाजीशास्त्री पदे

इंद्रलोक, भाईंदर (प्रतिनिधी) : सकाळची लोकल गाठण्याच्या घाईत वैद्यांनी दिलेले चूर्ण राहून गेले, तर ते रात्री घेतले जाते. वेळ बदलली तरी गुण तोच, असे आपण गृहीत धरतो. आयुर्वेद मात्र तसे मानत नाही. हे शास्त्र मराठी वाचकांपर्यंत पोहोचविण्यासाठी झटलेल्या शंकर दाजीशास्त्री पदे यांचे स्मरण त्यामुळेच औचित्यपूर्ण ठरते.

पदेशास्त्रींचा जन्म १८६७ सालचा. पाश्चात्त्य वैद्यक तेव्हा सरकारी पाठबळावर स्थिरावले होते. वैद्य मात्र विखुरलेले होते आणि त्यांचे ग्रंथ संस्कृतात बंदिस्त. पदेशास्त्रींनी ‘आर्यभिषक्’ मासिक चालविले, ‘वनौषधिगुणादर्श’ या ग्रंथातून वनस्पतींचे गुणधर्म मराठीत मांडले. १९०७ मध्ये नाशिक येथे वैद्यांना एकत्र आणून त्यांनी आयुर्वेद महासंमेलनाचा पाया घातला. १९०९ मध्ये, वयाची पन्नाशीही न गाठता, त्यांचे निधन झाले.

त्यांनी ज्या परंपरेची बाजू घेतली, तिच्यात औषधाच्या वेळेला मोठे स्थान आहे. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त औषध घेण्याचे दहा काळ सांगितले आहेत. शार्ङ्गधराने पाच मानले. दिवसाच्या आरंभी कफ, मध्यान्ही पित्त आणि अखेरीस वात प्रबळ होतो, ही त्यामागील धारणा. म्हणून कफविकारात औषध सकाळी अनशापोटी, अपानवायूच्या विकारात जेवणापूर्वी, मानेवरील अवयवांच्या विकारात रात्री झोपताना, तर उचकी किंवा धाप लागली असता वारंवार द्यावे, असा दंडक आहे. चिनी वैद्यकानेही दिवसरात्रीचे दोन-दोन तासांचे बारा भाग पाडून प्रत्येक भाग एकेका अवयवाशी जोडला.

ही विभागणी आधुनिक कसोटीवर जशीच्या तशी सिद्ध झालेली नाही. तथापि शरीराला स्वतःचे घड्याळ असते, हे विज्ञानाने मान्य केले आहे. त्याची यंत्रणा उलगडणाऱ्या तीन अमेरिकी शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल मिळाले. यकृतात कोलेस्टेरॉलची निर्मिती रात्री वाढते. त्यामुळे सिम्व्हास्टॅटिनसारखी गोळी संध्याकाळनंतर देण्याचा प्रघात आहे.

पदेशास्त्रींच्या पश्चात, १९३८ च्या मुंबई कायद्याने वैद्यांच्या नोंदणीचा मार्ग खुला केला. शास्त्राला मान्यता मिळाली. परंतु पुडीवर लिहिलेली वेळ पाळणे हे रुग्णाच्याच हाती असते. ती सोयीनुसार बदलण्यापूर्वी वैद्यांना विचारलेले बरे.